सगळे दिवे एकाच वेळी लागत नाहीत : इमारतीच्या वीजभाराचा हिशेब आणि एका शब्दाचे दोन अर्थ

आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिथे दोनच माणसे असतात, माझे काका आणि काकी. रात्री ओसरीवरचा एक दिवा, स्वयंपाकघरातला एक, एक पंखा आणि फ्रीज एवढेच काय ते चालू असते. चतुर्थीला मात्र मुंबई, पुणे, मडगाव, पणजी अशा सगळ्या दिशांनी वीस-बावीस माणसे घरी येतात. पहाटेपासून आंघोळीसाठी गीझर, वाटपासाठी मिक्सर, विहिरीवरचा पंप, प्रत्येक खोलीत पंखा आणि संध्याकाळी माटोळीभोवती रोषणाई. काका दरवर्षी न चुकता बजावतात, "पंप चालू असताना गीझर लावू नका रे, फ्यूज जाईल."

विद्युत अभियंता म्हणून गेली अनेक वर्षे मी इमारतींच्या वीजभाराचे हिशेब करतो. त्या हिशेबाचा गाभा काकांच्या या एका वाक्यात आहे. घरात असलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज ही एक गोष्ट आणि त्यांतली एकाच वेळी किती चालतात ही दुसरी. या दोन आकड्यांमधले अंतर ज्या गुणकाने मोजतात, त्याला इंग्रजी पुस्तकांत 'डायव्हर्सिटी फॅक्टर' म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर 'विविधता गुणक' असे करता येते. या शब्दाने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. अकादमीच्या वार्षिकात वीजभारावर लिहिण्याचे धाडस त्यामुळेच करतो आहे, कारण ती चूक जितकी गणिताची होती, तितकीच भाषेची होती.

तीन आकडे

आधी हिशेब समजून घेऊ. डिचोलीसारख्या गावात वीस सदनिकांची एक इमारत आहे असे धरू. प्रत्येक सदनिकेत दिवे आणि पंखे मिळून १.२ किलोवॅट, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, धुलाईयंत्र वगैरेंसाठी २.३ किलोवॅट, दोन गीझर मिळून ४ किलोवॅट आणि दोन वातानुकूलन यंत्रे मिळून ३ किलोवॅट. बेरीज झाली १०.५ किलोवॅट. हा 'जोडलेला भार'. वीस सदनिकांचा २१० किलोवॅट.

पण या १०.५ किलोवॅटची गरज त्या घराला कधीच पडत नाही. गीझर सकाळी लागतो, एसी रात्री. धुलाईयंत्र चालू असताना मिक्सर क्वचितच. एका घराचा सर्वांत जास्त भार समजा ५ किलोवॅट असतो. या ५ ला १०.५ ने भागले की ०.४८ येतात. हा झाला 'मागणी गुणक'. तो एका घरातल्या उपकरणांविषयी बोलतो.

आता वीस घरे एकत्र पाहा. प्रत्येकाची महत्तम मागणी ५ किलोवॅट, म्हणजे बेरीज १००. पण तळमजल्यावरच्या घरात सकाळी सहाला गीझर लागतो, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका साडेपाचला उठतात, आणि रात्रपाळी करून आलेला तिसरा शेजारी नऊला आंघोळ करतो. प्रत्येकाचा शिखरक्षण वेगळा. म्हणून इमारतीच्या मुख्य केबलवर १०० किलोवॅट कधी येतच नाहीत. समजा ५० येतात. शंभराला पन्नासने भागले की २ मिळतात. हा 'डायव्हर्सिटी फॅक्टर'. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे हा सामाईक भार १५ किलोवॅट धरला आणि त्यात कपात केली नाही, तर एकूण मागणी ६५ किलोवॅट होते. शक्तिगुणक ०.९ धरला तर ही मागणी सुमारे ७२ केव्हीए होते आणि १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. जोडलेला भारच खरा मानला असता, तर २२५ किलोवॅटसाठी २५० केव्हीएचा लागला असता. तो महाग, जागा अधिक खाणारा, आणि निम्म्याहून अधिक वेळ जवळजवळ रिकामा गुणगुणत बसणारा. रिकामा ट्रान्सफॉर्मरसुद्धा चोवीस तास थोडी वीज खातोच.

वीजधंद्याचा पायाच या गुणकावर उभा आहे. शिकागोचे सॅम्युअल इन्सल १८९४ साली इंग्लंडमधल्या ब्राइटनला गेले असताना त्यांनी आर्थर राइट यांचा महत्तम मागणी नोंदवणारा मीटर पाहिला. दुकानांना दिवसा, घरांना संध्याकाळी आणि ट्रामना कामावर जाण्या-येण्याच्या वेळी वीज लागते, म्हणून सगळ्यांना मिळून एकच वीजकेंद्र चालवले तर ते स्वस्त पडते, हे इन्सल यांनी पुढे धंद्यात सिद्ध करून दाखवले. माणसे वेगवेगळ्या वेळी जगतात, म्हणून वीज परवडते.

एक शब्द, दोन उलटे अर्थ

गोंधळ इथून पुढे सुरू होतो. वरच्या व्याख्येप्रमाणे डायव्हर्सिटी फॅक्टर नेहमी १ किंवा त्याहून मोठा असतो. वीजवितरणाच्या पुस्तकांत तो असाच दिलेला असतो, आणि बेरजेला त्याने भागायचे असते.

इमारतीतल्या वायरिंगच्या परंपरेत मात्र 'डायव्हर्सिटी' हाच शब्द टक्क्यांत येतो आणि तो शंभराहून लहान असतो. ब्रिटिश मार्गदर्शिकांमधला तक्ता आपल्या आयएस ७३२ या भारतीय मानकात आला आहे. त्यात घरगुती दिव्यांसाठी ६६ टक्के, लहान दुकाने आणि कार्यालये यांच्या दिव्यांसाठी ९० टक्के आणि लहान हॉटेलांच्या दिव्यांसाठी ७५ टक्के असे आकडे आहेत. इथे बेरजेला गुणायचे असते. कारखान्यातल्या वीजफलकांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही 'रेटेड डायव्हर्सिटी फॅक्टर' आहे आणि तोही १ हून लहान. युरोपीय अभियंते याच अर्थाने 'सायमल्टेनिटी', म्हणजे समकालिकता, हा शब्द वापरतात.

म्हणजे एकाच नावाने एक पुस्तक २ सांगते आणि दुसरे ०.५. दोन्ही बरोबर आहेत, कारण ते एकमेकांचे व्यस्त आहेत. वाचणाऱ्याने भागायचे की गुणायचे, हे शब्दावरून कळत नाही. 'विविधता गुणक' हे मराठी भाषांतर तर आणखी फसवे. विविधता म्हटले की आपल्याला प्रकार आठवतात. इथे उपकरणांच्या प्रकारांचा फारसा प्रश्न नाही, वेळांच्या विखुरण्याचा प्रश्न आहे. वीस घरांत अगदी एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे गीझर असले आणि ते वेगवेगळ्या वेळी लागले, तरी गुणक चांगला मिळतो. उलट शंभर प्रकारची उपकरणे एकाच मिनिटाला चालू झाली, तर गुणक १ वर येतो.

संगणकाच्या रकान्यात

हल्ली हा हिशेब कागदावर क्वचितच होतो. इमारतीचे आराखडे ज्या संगणक प्रणालींत काढले जातात, त्यांतच वीजभारही मोजला जातो. आमच्या क्षेत्रात रेव्हिट ही प्रणाली बरीच वापरली जाते. तिच्यात प्रत्येक दिव्याला, प्लगला, यंत्राला भाराचा एक वर्ग द्यायचा असतो: प्रकाश, प्लग, वातानुकूलन, इत्यादी. मग प्रत्येक वर्गाला एक मागणी गुणक जोडायचा. तो सरसकट एक टक्केवारी असू शकतो, उपकरणांच्या संख्येनुसार बदलू शकतो, किंवा भाराच्या टप्प्यांनुसार. वीजफलकाच्या तक्त्यात मग दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात, जोडलेला भार आणि अपेक्षित मागणी.

प्रणालीची एक गोष्ट चांगली आहे. खालच्या फलकावर कपात करून आलेला आकडा ती वरच्या फलकावर पुन्हा कापत नाही. वरच्या फलकासाठी ती मूळ जोडलेला भार वर्गवार गोळा करते आणि गुणक एकदाच लावते. म्हणून आत घातलेले आकडे शुद्ध असतील, तर कपात दुहेरी होत नाही. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? आपण आधीच कापलेला आकडा 'जोडलेला भार' म्हणून लिहिला, तर प्रणाली तो मुकाट्याने खरा मानते.

दुसरी अडचण साच्याची. अमेरिकी साचा घेऊन काम सुरू केले, तर त्यातले गुणक अमेरिकी संहितेचे असतात. उदाहरणार्थ, तिथे प्लगच्या भारातले पहिले १० केव्हीए पूर्ण धरतात आणि त्यापुढचे निम्मे. त्या देशातल्या इमारती, तिथली उपकरणे आणि तिथल्या माणसांची दिनचर्या यांवरून तो नियम आला. मांद्र्याच्या किंवा साखळीच्या घराला तो लागू पडेलच असे नाही. पण आकडा रकान्यात आधीच भरलेला असतो, आणि भरलेल्या आकड्यावर सहसा कोणी शंका घेत नाही.

माझी चूक

मी तेव्हा एका सल्लागार कार्यालयात नोकरीला होतो. डिचोली तालुक्यातल्या एका इमारतीचा हिशेब माझ्याकडे आला. सदनिका वीस, भार जवळपास वर दिला आहे तसाच. मी आधी एक्सेलमध्ये प्रत्येक सदनिकेची ५ किलोवॅट मागणी काढली, एका पुस्तकातला २ हा गुणक घेऊन तिला भागले आणि सदनिकेमागे २.५ किलोवॅट प्रणालीत भरले. सदनिकांच्या वर्गाला साच्यात ५० टक्के लावलेले होते. मला वाटले, पुस्तकातला २ आणि साच्यातले ५० टक्के या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक 'विविधता', दुसरी 'मागणी'. प्रत्यक्षात ती एकच कपात दोनदा झाली होती.

प्रणालीने सदनिकांची मागणी २५ किलोवॅट दाखवली. सामाईक १५ धरून ४०. विद्युतप्रवाह सुमारे ६२ अँपिअर. मी मुख्य ब्रेकर ६३ अँपिअरचा आणि त्याला साजेशी केबल लिहून दिली. तक्ता नेटका छापून आला आणि मंजूरही झाला. खरे तर ६५ किलोवॅटसाठी १०० अँपिअर लागणार होते.

त्याच गोंधळाची उलटी बाजूही मी पाहिली. एका सहकाऱ्याने टक्क्यांच्या रकान्यात पुस्तकातला २ तसाच भरला, म्हणजे २०० टक्के. तशीच इमारत २१५ किलोवॅटवर गेली. ती चूक लगेच पकडली गेली, कारण मोठा आकडा डोळ्यांत खुपतो. लहान आकडा कोणाला खुपत नाही. उलट त्याने खर्च वाचतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

इमारत उभी राहिली. पहिले वर्ष काहीच झाले नाही, कारण वीसपैकी बारा सदनिकांतच माणसे राहत होती. मग मे महिन्यातल्या एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि दोन तास वीज गेली. ती परत आली आणि थोड्याच वेळात मुख्य ब्रेकर ट्रिप झाला. वायरमनने तो उचलला, पुन्हा ट्रिप झाला. इमारतीत तान्ही मुले होती, एक आजारी वृद्ध गृहस्थ होते. शेवटी त्या वायरमननेच मार्ग काढला. प्रत्येक घरी जाऊन त्याने सगळ्यांना एसी बंद करायला लावले, वीज दिली, आणि मग अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेका मजल्याला एसी लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले.

तिथे जे घडले, ते सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. एरवी रात्री बारा घरांतले चोवीस एसी चालू असले, तरी त्यांचे कॉम्प्रेसर आळीपाळीने थांबत असतात. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी काही चालू, काही बंद. दोन तास वीज गेली की सगळ्या खोल्या सारख्याच तापतात. वीज येताच चोवीसही कॉम्प्रेसर एकदम सुरू होतात आणि बराच वेळ थांबत नाहीत. फ्रीजचेही तेच. रिकाम्या टाकीमुळे पंप आणि खोळंबलेल्या माणसांमुळे लिफ्टही लगेच चालू. एसींचे ३६, फ्रीज, पंखे आणि दिवे यांचे ६, त्यावर पंप आणि लिफ्ट. चाळीस किलोवॅटच्या वाटेवर पन्नासच्या आसपास भार आला. वेळांचे जे विखुरणे आम्ही गृहीत धरले होते, ते त्या खंडित पुरवठ्याने पुसून टाकले.

हिशेब दुरुस्त करताना मी वीसही घरे भरलेली धरली. अशा रात्री घरामागे ३.५ किलोवॅट म्हणजे ७०, सामाईक १५, एकूण ८५ किलोवॅट आणि सुमारे १३१ अँपिअर. म्हणजे बरोबर केलेला ६५ चा हिशेबही त्या तासाला तोकडाच पडला असता. मुख्य ब्रेकर १६० अँपिअरचा करून केबल बदलावी लागली. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तेवढा भार सोसू शकतो. सदनिकाधारकांना भुर्दंड पडला, त्यात माझा वाटा होता.

गुणक गावाचा असतो

या प्रसंगानंतर मी रकान्यात आकडा भरण्याआधी एकच प्रश्न विचारतो: ही माणसे केव्हा एकदम वागतात?

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, मांद्रे, हरमल या भागांत लहान हॉटेले आणि भाड्याचे बंगले आहेत. तिथे पाहुणे दिवसभर किनाऱ्यावर असतात आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकाच वेळी खोल्यांत परततात. त्यामुळे खोल्यांच्या एसींवर मोठी कपात करणे धोक्याचे. दिव्यांसाठी लिहिलेले ७५ टक्के घाईत एसीला लावलेलेही मी पाहिले आहेत. साठवणीच्या गीझरबाबत तर वायरिंगचा तक्ताच सांगतो की थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या गीझरला कपात देऊ नये. पाहुणे समुद्रावरून परतले की सगळे एकदम आंघोळीला जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली आणि तालुक्यात बांधकामांची लगबग वाढली. अशा वेळी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

डिचोलीतल्या कारखान्यांचे गणित वेगळे. एकाच पाळीत चालणाऱ्या शेडमध्ये सकाळी भोंगा झाला की मोटारी पाठोपाठ सुरू होतात. तिथे कपात यंत्रांच्या कामाच्या क्रमावरून ठरवावी, सदनिकांच्या तक्त्यावरून नव्हे. शिरगावची लईराईची जत्रा असो की पेडण्याची पुनव, मांडव आणि दुकाने यांच्या दिव्यांचा भार पूर्ण शंभर टक्के धरावा. अंधार पडला की ते सगळेच लागतात.

आणि चतुर्थी. त्या दिवसांत पणजी-मडगावची कितीतरी घरे कुलूपबंद असतात आणि वाड्यावाड्यावरची मूळ घरे भरतात. भार नाहीसा होत नाही, तो शहरातून गावात जातो. शहरातल्या इमारतीसाठी चतुर्थी हा हलका दिवस, गावातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी सर्वांत जड. वर्षभराच्या सरासरीवरून काढलेला गुणक त्या पाच दिवसांत साफ खोटा ठरतो. म्हणून मूळ घराची वायरिंग नव्याने करणाऱ्यांना मी सांगतो, दोन माणसांचा हिशेब करू नका. चतुर्थीच्या पहाटेचा करा. पंप आणि गीझर यांना वेगळे सर्किट द्या, आणि शक्य असेल तर दोन्ही वेगळ्या फेजवर घ्या.

गुणक ठरवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे मोजणे. तशाच प्रकारच्या, आधीच वापरात असलेल्या इमारतीच्या मुख्य केबलवर क्लॅम्प मीटर लावून सकाळी सहा ते आठ आणि रात्री आठ ते अकरा दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. मोठ्या जोडण्यांच्या मीटरमध्ये महत्तम मागणी नोंदलेली असते, ती वाचा. उन्हाळ्यात एकदा, सणात एकदा. असे दोन-चार ठिकाणचे आकडे हाताशी असले की परदेशी साच्यातला भरलेला रकाना खोडायचे धैर्य येते.

शब्दाविषयी एक सूचना

शेवटी भाषेकडे येतो. १ हून लहान असलेल्या, गुणायच्या संख्येला मराठीत 'एकवेळ गुणक' म्हणावे, असे मला सुचते. शंभरांपैकी एका वेळी किती, हे त्यात ऐकताक्षणी कळते. १ हून मोठ्या, भागायच्या संख्येला 'विखुरण गुणक' म्हणता येईल. एका घरातल्या उपकरणांसाठी 'मागणी गुणक' आहेच. तिन्ही नावे वेगळी असली की दोन कपातींची एक आणि एका कपातीच्या दोन करण्याची चूक तरी टळेल. माझ्या हिशेबात 'विविधता' आणि 'मागणी' या दोन शब्दांऐवजी दोन्हीकडे 'एकवेळ' असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यांदा कापताना माझा हात थांबला असता.

गेल्या चतुर्थीला मी काकांना हे दोन शब्द सांगितले. 'विखुरण' त्यांना फारसे पटले नाही. 'एकवेळ' मात्र त्यांनी लगेच उचलला. पंपाच्या स्विचशेजारी खडूने लिहिले, 'गीझर आणि पंप एकवेळ लावू नये', आणि खाली तारीख टाकली.